जुनं घर दुरुस्त करायचंय: मूळ रूप जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

पणजोबांनी बांधलेलं घर आता माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आलंय. वय शंभरीच्या पुढे. दगडी जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, मजला लाकडी तुळयांवर, वर कौलं. मधली पाच वर्षं घर बंद होतं. परवा कुलूप काढलं तर माडीवरच्या एका खोलीतून आभाळ दिसलं.

भावाचं म्हणणं, दर्शनी भिंत ठेवू आणि आतलं सगळं काढून नवं बांधू. बाहेरून घर तेच दिसेल, आत राहायला सोय होईल. मला ते पटत नाही. पण 'मग तुला नेमकं काय ठेवायचंय?' असं त्याने विचारलं, तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, घराचा स्वभाव. तो म्हणाला, स्वभावाचा नकाशा काढून दे, गवंड्याला दाखवतो.

काल रंगारी बघून गेला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. आम्ही मुलं तिथे पाठ टेकून उभी राहायचो आणि आजी डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ मारायची. आमच्या रेघांच्या मध्ये मध्ये बाबांच्या आणि काकांच्या लहानपणच्या रेघा आहेत, जांभळ्या शाईपेन्सिलीच्या. रंगारी म्हणाला, "घासून पॉलिश मारलं की नव्यासारखी होईल, आतलं लाकूड एक नंबर आहे." त्याला थांबवलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तर प्रश्न शीर्षकातलाच. आणि सुरुवात कुठून करायची? शिवाय मागच्या खोलीत ओल आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिथे कमरेइतका सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. आता ओल त्याच्याही वर, खांद्यापर्यंत चढली आहे. हे कसं झालं?

सुतारपक्षी
आधी छप्पर. मग पन्हळी. मग बाकी सगळं. आभाळ दिसतंय ना, मग आजच्या आज ताडपत्री घाला. चौकट कुठे पळून जात नाही.

पाऊलवाट
वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे. सविस्तर लिहा मंडळी.

चुनखडी
उंबरठाताई, ओलीचं सांगतो, कारण त्यात माझे हात चांगलेच पोळलेत.

जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, दिव्याची वात तेल ओढते तशी. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर ही ओल वाटेतच हवेत उडून जाते आणि बहुतेक वेळा फुटा-दोन फुटांच्या वर पोचत नाही. तुमच्याकडे त्या वाटेवर सिमेंटचं झाकण बसलं. पाणी आत थांबत नाही, सुटायला जागा मिळेपर्यंत वर सरकतं. म्हणून ती ओल गिलाव्याच्या वर दिसते आहे. शिवाय पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखालीच फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. आपण त्याला लोणा लागला म्हणतो.

मी काय केलं ते सांगतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीतल्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. चांगलं काम करतो या भावनेने मी त्या सिमेंटने घट्ट भरून घेतल्या. चार वर्षांनी बघतो तर विटांची तोंडं भुगा होऊन आत गेलेली, आणि सिमेंटच्या रेघा मधाच्या पोळ्याच्या भिंतींसारख्या बाहेर उभ्या. हात फिरवला की तांबडी पूड तळव्याला. जुनी वीट मऊ असते. तिच्या दर्जेतला माल तिच्याहून मऊ हवा, म्हणजे झीज दर्जेत होते आणि वीट वाचते. दर्जा पुन्हा भरता येते, वीट पुन्हा भाजता येत नाही.

आपल्याला सिमेंट म्हणजे अनादि काळापासूनची गोष्ट वाटते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने घेतलं 1824 साली. घरोघरी ते पोचलं त्याच्याही कितीतरी नंतर. त्याआधी हजारो वर्षं लोक चुन्यात बांधत होते. चुनखडीचा दगड सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घालून विरवायचं, वाळू मिसळून थापायचं. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. सगळं गुपित त्या 'हळूहळू'मध्ये आहे. थर पातळ हवा, काही दिवस ओलसर ठेवायला हवा, कडक उन्हापासून झाकायला हवा. ओल्या जागी जुने लोक त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालत. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालत, कारण तेच.

तुम्ही काय कराल: सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने काढा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, विटांसकट येईल. मग भिंत तशीच उघडी ठेवा. महिने लागतील. त्या काळात बाहेरच्या बाजूला जमीन जोत्याच्या वर चढली आहे का बघा. वर्षानुवर्षं माती आणि फरशा साचून बाहेरची पातळी वर येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

उंबरठा
चुनखडी, मनापासून आभार. बाहेरची पातळी! मागच्या अंगणात फरशी बसवताना जुन्या दगडांवरच नवी बसवली होती. ती आता आतल्या जमिनीच्या वर आहे. इतकी वर्षं समोर होतं.

सुतारपक्षी, ताडपत्री घातली.

तिसरामजला
सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि ती कोणाला कडवट वाटली तरी चालेल.

आमचंही जुनं घर होतं. लाकडी जिना, अगदी उभा, पायऱ्या अरुंद, एका बाजूला फक्त दोर. घराला शोभतो म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही. दोन्ही बाजूंना कठडा लावू असं बाबा म्हणाले, तर मीच म्हटलं की रूप बिघडेल. आई त्या जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती आधाराशिवाय कधी चालली नाही.

घरात माणसं राहतात. ज्या घरात म्हातारी माणसं जपून पावलं टाकत फिरतात आणि पोरांना रांगू देता येत नाही, ते घर मला नको. उंबरठाताई, तुमचा भाऊ सोय म्हणतोय तेव्हा त्याला वेड्यात काढू नका.

उंबरठा
तिसरामजला, वाईट वाटलं वाचून. वेड्यात नाही काढत. आमचाही जिना तसाच आहे. त्याचा मी विचारच केला नव्हता.

पिंपळपान
मूळ रूप काटेकोर जपायचं म्हटलं तर आमचा संडास पुन्हा अंगणाच्या टोकाला न्यावा लागेल आणि रात्री कंदील घेऊन जावं लागेल. सौ. म्हणते, त्या दिवशी तुम्ही घराबरोबर राहा, मी माहेरी जाते. :)

पण खरंच विचारतो, मूळ म्हणजे कुठलं? आमच्या घरात मागची पडवी आजोबांनी वाढवली, वरची खोली वडिलांनी. कुठल्या सालाला मूळ म्हणायचं?

मोरपंखी
पिंपळपान, तुम्ही हसत हसत सगळ्यात अवघड प्रश्न विचारलात. मी वास्तू-संवर्धन शिकले, त्यामुळे जरा लांबण लावते.

एकोणिसाव्या शतकात यावर युरोपात मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक हा वास्तुकार जुन्या इमारती पूर्ण आणि एकसंध करत असे. त्याच्या मते पुनरुद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्ण रूपात आणणं, जे कदाचित आधी कधी अस्तित्वातही नसेल. इंग्लंडमध्ये लेखक जॉन रस्किनचा याला कडाडून विरोध होता. विल्यम मॉरिसने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, ती आजही आहे. त्यांचं सांगणं साधं: नव्यासारखं करू नका, दुरुस्त करा. गळतं ते थांबवा, झुकतं त्याला टेकू द्या, काळाच्या खुणा खरवडू नका.

पुढे 1964 मध्ये जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणारी व्हेनिसची सनद आली. ती स्मारकांसाठी आहे, पण तिच्यातल्या चार गोष्टी साध्या घरालाही लागू पडतात. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबवायची. नवा तुकडा बसवला तर तो जुन्याशी जुळावा, पण बारकाईने बघणाऱ्याला नवा म्हणून ओळखू यावा. प्रत्येक काळाने घातलेली भर मोलाची मानायची, म्हणजे तुमच्या आजोबांची पडवीही 'मूळ'च. आणि वास्तू वापरात असणं तिच्या जतनाला मदतच करतं. तिसरामजला, कठडा या चौथ्या मुद्द्यात सहज बसतो. तो जिन्याला खिळे न ठोकता, भिंतीच्या आधाराने, उद्या काढता येईल असा लावता येतो. रूप बिघडत नाही.

पॅरिसच्या नोत्र-दाम या चर्चच्या वास्तूचं उदाहरण बघा. 15 एप्रिल 2019 च्या आगीत कोसळलेला तिचा मनोरा मध्ययुगीन नव्हता, व्हियोले-ल-द्युकने एकोणिसाव्या शतकात उभारलेला होता. आधुनिक मनोरा बांधावा अशी चर्चा बरीच झाली, पण शेवटी त्याचाच मनोरा जसाच्या तसा परत उभारला. डिसेंबर 2024 मध्ये वास्तू पुन्हा उघडली. कधीकाळी ज्याच्यावर टीका झाली, तीच भर दीडशे वर्षांनी 'मूळ' ठरली.

गणितवेडा
मोरपंखी, मग जपानच्या इसेच्या मंदिराचं काय? ते दर 20 वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. शेवटचं 2013 ला झालं. तरी त्याला कोणी नकली म्हणत नाही. याच न्यायाने उंबरठाताईंनी घर पाडून तसंच नवं बांधलं तर बिघडलं कुठे?

मोरपंखी
बिघडतं ते इथे: इसेला दर वीस वर्षांनी बांधतात म्हणूनच सुतारांची एक पिढी पुढच्या पिढीला हात धरून शिकवू शकते. तिथे जपली जाते ती विद्या. वारशाच्या अस्सलपणावरच्या 1994 च्या नारा दस्तऐवजात हेच मान्य केलं गेलं की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीत वेगळी असू शकते. आता उंबरठाताईंचं घर पाडून काँक्रीटच्या सांगाड्यावर तसंच दिसणारं घर बांधलं, तर लाकूडही गेलं आणि विद्याही गेली. उरला तो फक्त फोटो.

गणितवेडा
पटलं. पण वॉर्साचं जुनं शहर? दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालं, पुन्हा बांधलं, आणि 1980 मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही आलं.

मोरपंखी
हो, आणि ते कशाच्या जोरावर बांधलं? युद्धाआधी घेतलेली मोजमापं, रेखाटनं, आणि बेलोत्तोने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रं. तिथे इलाज नव्हता, शहरच उरलं नव्हतं. इथे घर उभं आहे. वॉर्सावरून एक मात्र घ्या: छिन्नी लावण्याआधी मोजून, रेखून, फोटो काढून ठेवा.

नदीकाठ
मी बांधकाम अभियंता आहे. उंबरठाताई, भावाच्या प्रस्तावाबद्दल बोलतो, कारण तो ऐकायला सोपा वाटतो.

दर्शनी भिंत ठेवून आतलं काढायचं म्हणता. पण त्या भिंतीला उभं कोण धरतं? मजल्याच्या तुळया आणि छपराचे वासे भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. ते काढले की पुढची भिंत एकटी पडते. तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू देऊन महिनोन्महिने उभी ठेवावी लागते, आणि ते काम जोखमीचं असतं. म्हणजे सोपा मार्ग तोही नाही. उलट तुळयांची फक्त टोकं खराब असतील तर काम बरंच लहान होतं. लाकूड नेहमी भिंतीत घुसलेल्या टोकाला कुजतं, मधे क्वचित. टोकदार पेचकस घेऊन प्रत्येक तुळईच्या टोकाला दाबून बघा. चांगल्या लाकडात तो शिरत नाही. कुजलेल्यात ओल्या मातीत जावा तसा जातो.

तडे दिसले तर लगेच भरू नका. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, कारण शोधा. वर्षभर काच शाबूत राहिली तर तो तडा जुना आहे, शांतपणे भरा.

एक कळकळीची सूचना. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन वजन. ती जुन्या भिंतीच्या डोक्यावर ठेवू देऊ नका. टाकीला जमिनीवरून स्वतंत्र आधार द्या. न्हाणीघरही माडीवर नको, तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीलगत घ्या, म्हणजे नळ फुटला तरी तुळया भिजणार नाहीत.

सुतारपक्षी
टोकांचं बरोबर आहे. अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेलं टोक तिरकं कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडतात, खुंट्या मारतात. माझे वडील असे सांधे करायचे. सांधा नीट बसला की रंधा मारताना पात्याला कळतं, डोळ्याला कळत नाही.

खिडक्यांबद्दल कोणी विचारलं नाही, मीच सांगतो. जुन्या खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवू नका. त्या जुन्या लाकडाच्या वर्षवलयांवर बोट फिरवून बघा, किती जवळजवळ आहेत. सावकाश वाढलेल्या झाडाचं लाकूड आहे ते, आता तसं सहजी मिळत नाही. खिडकीचं बहुधा फक्त खालचं आडवं लाकूड खराब असतं, कारण पाणी तिथे साचतं. तेवढंच बदला. नव्या लाकडाच्या खालच्या बाजूला बारीक खाच ठेवा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, भिंतीकडे ओघळणार नाही.

काचा जपा. जुन्या काचेतून बाहेर बघितलं की झाड किंचित हलल्यासारखं दिसतं. काच वर्षानुवर्षं खाली वाहत आली म्हणून असं दिसतं, हे लोक सांगतात ते खोटं आहे. पूर्वी काच फुंकून बनवायचे, म्हणून ती जाडीला सारखी नसायची. एकसारखी सपाट काच आली ती वितळलेल्या कथिलावर काच पसरवायची पद्धत निघाल्यावर, 1959 च्या आसपास.

पाऊलवाट
अवांतर: ते झाड हलणं! आजीच्या खोलीत तापाने पडले होते तेव्हा दिवसभर तेच बघत होते. डोकं जरा हलवलं की अख्खी फांदी वाकायची. आज पहिल्यांदा कळलं, ते तापामुळे नव्हतं.

शिंपला
मी बालरोगतज्ज्ञ आहे. रंगाबद्दल कोणी काही लिहिलं नाही म्हणून काळजी वाटली. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अशी चौकट किंवा खिडकी कोरड्या कागदाने किंवा मशीनने घासली की शिशाची धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली ती 1978 साली. तेव्हा घर जुनं असेल तर रंगात शिसं आहे असं धरूनच चाला. रंग ओला करून खरवडा, मास्क घाला, धूळ ओल्या फडक्याने पुसा, काम चालू असताना मुलांना आणि गरोदर बायकांना तिथे फिरकू देऊ नका. जिथे रंग घट्ट आहे तिथे खरवडूच नका, वरून नवा थर द्या.

उंबरठाताई, त्या रंगाऱ्याला तुम्ही थांबवलंत ते दोन्ही अर्थांनी बरं झालं.

विजेरी
वायरिंग जुनं असेल तर यातलं काहीही करायच्या आधी ते बघून घ्या. जुन्या तारांवरचं रबराचं किंवा कापडी आवरण वाळून बोटाने चुरतं, आणि ते कोरड्या लाकडाला लागून असतं. सगळ्या तारा नव्या टाका, 30 मिलिअँपियर वीज गळली की आपोआप बंद होणारा गळतीरोधक स्विच बसवा. पण त्यासाठी चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नका. तारा लाकडी पट्टीतून छताच्या कडेने उघड्यावरून न्या. वाईट दिसत नाही आणि पुढच्या पिढीला बदलायला सोपं.

तिसरामजला
मोरपंखी, कठड्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते चार वेळा वाचलं. तेव्हा असं सांगणारं कोणी भेटायला हवं होतं. माझा विरोध जपणुकीला नाही, जपणुकीच्या नावाखाली माणसाकडे बघायचं राहून जातं त्याला आहे.

कौलारू
मी तोच भाऊ.

ताईने धागा पाठवला, तो रात्री दोनपर्यंत वाचला. खातं फक्त हे लिहायला काढलंय.

मला घर पाडायचं नाही. ताई, तू दूर असायचीस तेव्हा दरवर्षी पावसाच्या आधी मीच छपरावर चढायचो. सरकलेली कौलं नीट करायची, फुटलेली बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा. बाबा खालून सांगायचे, वाशावर पाय ठेव, कौलावर नको. पाच वर्षांपूर्वी पाय घसरला आणि मी पन्हळीला लोंबकळलो. कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर चढलो नाही. तू म्हणतेस घर बंद होतं. ते माझ्यामुळे गळायला लागलं. आतून सगळं नवं करू म्हणालो, कारण पुन्हा कोणाला तिथे चढावं लागू नये.

आणि चौकटीवरची सगळ्यात वरची रेघ माझी आहे. तू विसरली असशील.

उंबरठा
विसरले नाही रे. मला घसरल्याचं माहीत नव्हतं. रात्री फोन करते.

चुनखडी
कौलारू, एक माणूस दरवर्षी चढत होता म्हणून ते छप्पर टिकलं. तुमच्यामुळे गळलं नाही, तुमच्यामुळे इतकी वर्षं गळलं नाही. यापुढे चढायची कायमची सुरक्षित सोय करा: आतून उघडणारं एक झाकण, कमरेचा पट्टा अडकवायला पक्का लोखंडी हूक, आणि पन्हळीपर्यंत पोचणारी शिडी बांधायची जागा. हेही दुरुस्तीतच धरा.

मोरपंखी
तुम्हा दोघांना एक सुचवते. स्वभावाचा नकाशा काढून दे, असं तुम्ही ताईंना म्हणाला होतात ना? तो खरोखर काढता येतो. आम्ही कामावर तेच करतो. दोघं मिळून एक अख्खा दिवस घरात घालवा. खोली-खोलीचा कागद करा. ऊन कुठल्या वेळी कुठे येतं, वारा कुठून कुठे जातो, कुठलं लाकूड हाताने गुळगुळीत झालंय, कुठली पायरी मधे झिजली, कुठे ओल, कुठे तडा, काय कधी वाढवलं. मग प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ठेवायचं, दुरुस्त करायचं, बदलायचं. 'बदलायचं' लिहिलं तर कारणही लिहा. तो कागद गवंड्याला दाखवता येतो.

पिंपळपान
हा प्रतिसाद छापून ठेवतो. आमच्याकडे लागणार आहे. संडास मात्र आतच राहील.

उंबरठा
धागा वर काढते आहे, सात महिन्यांनी. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

नकाशा काढला. एक दिवस म्हणून गेलो, तीन दिवस लागले. भावाने मापं घेतली, मी लिहिलं. जिन्याखालच्या भिंतीवर टकटक केली तर एका जागी आवाज पोकळ आला. तिथे एक झरोका होता, कधीतरी विटा लावून बंद केलेला. कशासाठी बंद केला ते कोणालाच माहीत नाही. तो उघडल्यावर जिन्यावर सकाळी दहापर्यंत ऊन असतं आणि तिथला कुबट वास गेला. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे लावले, भिंतीच्या आधाराने. तिसरामजला, तुमची खूप आठवण झाली.

तुळया चौदा. त्यातल्या चारांचीच टोकं कुजली होती. सांधे दिले. छप्पर पूर्ण उतरवून चांगली कौलं परत चढवली, कमी पडली ती मागच्या उताराला नवी घातली. छपरावर झाकण आणि हूक दोन्ही झाले. न्हाणीघर तळमजल्यावर, मागच्या पडवीत. ही भावाची मागणी, आणि ती बरोबर होती. सगळंच माझ्या मनासारखं झालं नाही. माडीची एक खिडकी वाचली नाही, नवी करावी लागली.

ओल: सिमेंट काढलं, मागच्या अंगणातली फरशी उचलून पातळी खाली घेतली. भिंत साडेचार महिने उघडी ठेवली. दर रविवारी मी ओलीच्या कडेवर खडूने रेघ ओढायचे. रेघा एकीखाली एक उतरत गेल्या. आता गुडघ्याच्या खाली थांबली आहे. मग चुन्याचा गिलावा केला, वर चुन्याचीच सफेदी.

आणि चौकट. तळाशी वीतभर वाळवी लागली होती, पहिल्या रेघेच्या बरीच खाली. सुतारांनी तेवढंच कापून नवा तुकडा जोडला. रंग अजिबात लावला नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसली.

सुतारपक्षी
चौकटीच्या सांध्याचा फोटो टाका. तिरका कापलाय की पायरीचा?

कौलारू
तिरका. फोटो मी काढलाय, रात्री टाकतो. ताई, पन्हळीत पुन्हा पाला साठलाय. शनिवारी येतेस का, शिडी धरायला?